स्पोर्ट्स कारच्या टायरमधली हवा: नाशिकच्या नव्या चालकांसाठी

मागच्या हिवाळ्यात माझ्या मावसभावाने मुंबईहून एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. कसारा घाट चढून गाडी इंदिरानगरला आली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "दादा, वळणावर मागून सरकल्यासारखी वाटते. सस्पेन्शन गेलंय बहुतेक." एका गॅरेजवाल्याशी फोनवर बोलून खर्चाचा आकडाही त्याने काढून ठेवला होता.

मी म्हटलं, आज राहू दे, सकाळी बघू. गाडी रात्रभर उभी राहिली. सकाळी सात वाजता हवा मोजायचा माझा गेज लावला तर चारही टायरमध्ये ३१ ते ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरचा स्टिकर सांगत होता: पुढे ३२, मागे ३८. झालं होतं असं, की वाटेत पंपावरच्या पोराने "किती टाकू?" विचारलं आणि याने सवयीने सांगितलं, "सगळ्यांत पस्तीस." तापलेल्या टायरमधले ते पस्तीस सकाळच्या गारठ्यात बत्तीसच्या खाली आले. पुढे जेमतेम बरोबर, पण मागे तब्बल ६ पीएसआय कमी. छोट्या कंप्रेसरने मागे ३८ केले, त्याच रस्त्याने एक फेरी मारली, आणि गाडीचा मागचा भाग जागेवर आला. सस्पेन्शनच्या एका नटालाही हात लावावा लागला नाही.

स्पोर्ट्स कार घेणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच सांगतो: पार्ट बदलण्याआधी, अलाइनमेंटला नेण्याआधी, हवा शिकून घ्या. आणि हवा शिकायची म्हणजे पुढचा आणि मागचा आकडा वेगळा समजून घ्यायचा.

गाडी जमिनीला किती टेकते

एक हिशेब करून बघा. गाडीचं वजन १,५०० किलो धरलं आणि ते चारही चाकांवर सारखं वाटलं, तर एका चाकावर ३७५ किलो येतात. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. भागाकार केला की १६५-१७० चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे बोटांसकट तुमचा एक तळहात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंतही थोडं वजन पेलते, त्यामुळे हे माप काटेकोर नाही, पण अंदाज बरोबर आहे. गाडीशेजारी उकिडवे बसा, तळहात जमिनीवर टेकवा आणि मग गाडीकडे बघा. ब्रेक, वळण, वेग, पावसातली पकड, सगळं अशा चार तळहातांवर चालतं.

हवा कमी झाली की हा तळहात पसरतो खरा, पण नीट पसरत नाही. टायरचे दोन्ही कडेचे भाग वजन घेतात आणि मधला भाग हलका पडतो. शिवाय साइडवॉल मऊ पडते. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, रिम वळते, पण टायर आधी आडवा वाकतो आणि मग वळायला लागतो. हा उशीर सेकंदाच्या अगदी छोट्या भागाचा असतो, तरी हाताला कळतो. चिखलातून चालताना पाय टाकल्यावर चप्पल मागून येते, तसं.

हवा जास्त झाली की उलटं होतं. टायर मधून फुगतो, जमिनीला मधलाच पट्टा टेकतो आणि तळहात आक्रसतो. स्टिअरिंग चपळ वाटतं, आणि नवा चालक नेमका इथेच फसतो. चपळ म्हणजे पकड जास्त, असं त्याला वाटतं. गुळगुळीत रस्त्यावर काही वेळ तसं भासतंही. पण आपल्याकडे ठिगळं लावलेल्या डांबरावर असा कडक टायर उसळतो, आणि उसळलेल्या टायरला त्या क्षणी पकड नसते.

साध्या हॅचबॅकमध्ये २ पीएसआयचा फरक फारसा जाणवत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये जाणवतो. टायरवर २४५/४० आर १८ असं लिहिलं असेल, तर साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे फक्त ९८ मिलिमीटर. इतक्या कमी रबरात हवेचा थोडा फरकही थेट हातापर्यंत पोचतो.

पुढे वेगळं, मागे वेगळं

हा भाग थोडा किचकट आहे, पण इथेच खरी मेख आहे.

ज्या ॲक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, टायरमध्ये हवा गरजेपेक्षा कमी, ती बाजू वळणात आळशी होते. पुढे हवा कमी असेल तर स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं नाक पुरेसं आत येत नाही, गाडी वळणाच्या बाहेर जायला बघते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागे कमी असेल तर नाक वळतं, पण मागचा भाग उशिराने आणि ढिला ढिला मागे येतो. जोर लागला की तो सुटायला बघतो, ते ओव्हरस्टिअर. माझ्या भावाला घाटात जाणवलेलं हेच.

कंपन्या हा फरक मुद्दाम ठरवतात. शेव्हरोलेची कॉर्व्हेअर नावाची गाडी अमेरिकेत १९६० च्या मॉडेलपासून आली. तिचं इंजिन मागे होतं, बरंचसं वजन मागे. कंपनीने सांगितलेली हवा होती पुढे १५ आणि मागे २६. गाडीची शेपूट ताब्यात राहावी म्हणून पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवले होते. पण लोक पंपावर चारही चाकांत सारखीच हवा भरून घेत, आणि मग त्याच गाडीचा स्वभाव पार बदलायचा. पोर्शे ९११ चंही इंजिन मागेच. तिच्या ९९७ पिढीच्या करेराला पुढे ३६ आणि मागे ४४ सांगितले होते. तब्बल ८ पीएसआयचा फरक! तिच्यात कुणी चारही चाकांत ३५ भरले, तर मागचे टायर किती उपाशी राहतील याचा विचार करा.

म्हणून पंपावर "सगळ्यांत पस्तीस" हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. आणि टायरच्या साइडवॉलवर छापलेला मोठा आकडा हा टायर सहन करू शकेल त्या कमाल दाबाचा असतो, भरायचा नसतो. भरायचा आकडा गाडीचा, म्हणजे दरवाजाच्या चौकटीवरचा किंवा पेट्रोलच्या झाकणामागचा. स्टिकरवर दोन ओळी असतील तर एक दोघांसाठी असते आणि दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. आकडे बारमध्ये असतील तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. जुन्या गाडीवर वेगळ्या मापाचे टायर चढवलेले असतील तर स्टिकर जसाच्या तसा लागू होत नाही. अशा वेळी टायरच्या कंपनीकडून तुमच्या गाडीसाठीचा आकडा घ्या.

आता कामाला लागू

पहिली खरेदी: स्वतःचा गेज. डिजिटल घ्या किंवा घड्याळासारखा काट्याचा, पण स्वतःचा आणि नेहमी तोच. माझ्या घराजवळच्या एका पंपावरचं यंत्र बरेच महिने ४ पीएसआय जास्त दाखवत होतं. मी ३३ समजून चालवत होतो आणि टायरमध्ये होते २९. पुढच्या टायरच्या दोन्ही कडा झिजलेल्या दिसल्या तेव्हा कळलं, तोवर त्या जोडीचं बरंच आयुष्य गेलं होतं. सोबत गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर असला की पंपावर अवलंबून राहावं लागत नाही.

दुसरं, वेळ. हवा मोजायची ती थंड टायरची. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, आणि उन्हात नाही. सकाळी ऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरायच्या आत मोजा. एका बाजूच्या चाकांवर ऊन आलं की त्या बाजूचे आकडे चढलेले दिसतात, आणि माणूस उगाच बरोबर टायरमधली हवा सोडत बसतो.

गेज लावताना नोझल व्हॉल्व्हवर सरळ आणि एकदम दाबा. तिरका लागला तर फुस्स आवाज येत राहतो आणि आकडा कमी दिसतो. प्रत्येक टायर दोनदा मोजा. दोन्ही वेळा सारखा आला तर तो खरा. गेज काढल्यावर पंक्चरवाला व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतो, ते तुम्हीही बघा, साबणाच्या पाण्याचा एक थेंब पुरतो. मग टोपी घट्ट लावा. टोपीमुळे धूळ आत जात नाही, आणि व्हॉल्व्हच्या आतल्या पिनवर धूळ बसली की हवा गळते.

आता स्टिकरवरचे आकडे भरा, पुढे पुढचे, मागे मागचे. डावं-उजवं अगदी सारखं. आणि पहिले पंधरा दिवस त्यात काहीही बदल करू नका. तुमच्या गाडीचं मूळ वागणं हाताला माहीत नसेल, तर बदल चांगला की वाईट हे कशाच्या आधारावर ठरवणार?

पंधरा दिवसांनी खडू घ्या, शाळेतला साधा. टायरच्या नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाडसर आडवी रेघ मारा, चारही चाकांवर. कोरड्या, सपाट रस्त्यावर शंभरएक मीटर सरळ, हळू चालवा आणि उतरून बघा. रेघ सगळीकडून सारखी पुसली असेल तर टायर नीट टेकतोय. मधूनच पुसली आणि कडांना शाबूत राहिली तर हवा जास्त. कडा गेल्या, मध्ये खडू तसाच, तर हवा कमी. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चार टायरच्या चार वेगळ्या रेघा बघून थक्क झालो होतो. हवेने कसं काम केलंय, ते डोळ्यांनी दिसतं.

यानंतर बदल करायचा असेल तर एका वेळी एकाच ॲक्सलला, १ किंवा २ पीएसआय. नाक वळायला कुरकुरत असेल तर पुढे १ वाढवून बघा. मागचं ढिलं वाटत असेल तर मागे १ वाढवा. २ पीएसआयच्या पलीकडे स्टिकर सोडून जाऊ नका, आणि रस्त्यावरच्या गाडीत स्टिकरच्या खाली तर अजिबात नको. प्रत्येक वेळी वहीत तारीख, सकाळचं तापमान, चार आकडे आणि एका ओळीत गाडी कशी वाटली ते लिहा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल. महिन्याभराने वही चाळली की गाडी कळायला लागते.

चाचणी घाटात करायची नाही. कसाऱ्यात नाही, सप्तशृंगीच्या घाटात नाही. त्या रस्त्यांवर समोरून भाविकांच्या गाड्या आणि ट्रक येतात. हवेतला फरक कळायला वेग लागतच नाही. पहाटे गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे निघा, मोकळ्या सरळ पट्ट्यावर ताशी ५० ला स्टिअरिंग मनगटाने किंचित हलवा आणि गाडी किती लवकर उत्तर देते ते बघा. एवढं पुरतं. टोमॅटोच्या हंगामात मात्र त्या बाजूला पिकअप गाड्यांची रीघ असते, तेव्हा तोही रस्ता टाळा.

आपलं हवामान, आपली उंची

हवा तापली की दाब वाढतो, गार झाली की उतरतो. ढोबळ हिशेब असा, की दर ६ ते ७ अंशांना १ पीएसआय. ऑक्टोबरच्या उन्हात ३० अंशांना तुम्ही ३२ भरले आणि जानेवारीत पारा १० वर आला, तर गेज २९ दाखवेल. एक थेंबही न गळता! त्यात प्रत्येक टायरमधून महिन्याला पीएसआय-दीड पीएसआय हवा आपसूक जातेच. त्यामुळे नाशिकच्या थंडीत पंधरा दिवसांनी गेज लावणं गरजेचं आहे.

दुसरी गंमत उंचीची. गेज दाखवतो तो टायरमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास १ पीएसआय कमी. म्हणून मुंबईत ३२ भरलेला टायर त्याच तापमानाला इथे ३३ दाखवतो. काळजीचं कारण नाही, पण गाडी कायमची इथे राहणार असेल तर इथल्या सकाळी एकदा आकडे नीट लावून घ्या.

एक समज मात्र मला मनापासून खोडून काढायचा आहे: "उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो." हे अनेक जाणती माणसंही सांगतात. खरं याच्या उलट आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि टायर आतून शिजत जातो. इगतपुरी-सिन्नरकडून समृद्धीला लागलात की १२० च्या मर्यादेत तासन्‌तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर चालवणं होतं. टायर फुटून तिथे अपघात झालेले आहेत. चालताना दाब ४-५ पीएसआय चढणार हे टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. ३० अंशांचा टायर ६० अंशांवर गेला की ३२ चे साधारण साडेछत्तीस होतात, आणि ते बरोबर आहे. वाटेत थांबून तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २८ वर सापडेल.

नायट्रोजनबद्दल विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. बाटलीतला कोरडा असतो, किंचित हळू गळतो, एवढाच फायदा. भरा किंवा भरू नका, गेज मात्र लावावा लागेल.

आणि डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये तो २० ते २५ टक्के हवा गेल्यावर लागतो. म्हणजे ३२ चे २४-२५ होईपर्यंत तो गप्प असतो. पकड त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते.

पाऊस

नाशिकहून मुंबईच्या दिशेने निघालं की इगतपुरीच्या पट्ट्यात जुलैमध्ये पाणी आडवं येतं. उलट बाजूला सिन्नरकडे रस्ता कोरडा ठणठणीत असतो. पाण्यावर टायर तरंगायला लागला की स्टिअरिंग हलकं पडतं आणि ब्रेकला काहीच उत्तर मिळत नाही. नासाने विमानांच्या टायरवर १९६० च्या दशकात केलेल्या कामातून एक सूत्र निघालं: तरंगण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ते ताशी किलोमीटरमध्ये मांडलं तर वर्गमूळ गुणिले साधारण १६.७. म्हणजे ३२ पीएसआयला ९४, २४ पीएसआयला ८२. कारचा रुंद टायर आणि त्याची नक्षी यांमुळे खरे आकडे बदलतात, नक्षी झिजून टायर गोटा झाला असेल तर आणखी खाली येतात. पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी असली की गाडी कमी वेगात तरंगते. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करू नका. आणि स्पोर्ट्स कारचे टायर रुंद असल्यामुळे ते मुळातच लवकर तरंगतात, तेव्हा साचलेल्या पाण्यात वेग ६० च्या खाली आणा.

पावसानंतर खड्डे येतात. हवा कमी असलेला लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या साइडवॉलचा, टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की रबर रिम आणि दगडामध्ये चिमटतं, आतले धागे तुटतात आणि साइडवॉलला फुगा येतो. फुगा आलेला टायर बदलायचाच, त्यावर इलाज नाही.

जुनी गाडी घेतली असेल तर साइडवॉलवरचा चार अंकी आकडाही वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. स्पोर्ट्स कार खूप काळ उभ्या राहतात. नक्षी नवी कोरी दिसते, पण रबर सहा-सात वर्षांत कडक झालेलं असतं. त्यात कितीही अचूक हवा भरली तरी पकड परत येत नाही.

कधी ट्रॅकवर गेलात तर

कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, नाशिकहून दोन्ही लांब. पण ज्याला ही गाडी आवडते तो कधी ना कधी जातोच. तिथे नियम वेगळा. ट्रॅकवर थंड आकडा नाही, तापलेला आकडा बघतात. पहिलं सेशन, म्हणजे फेऱ्यांची पहिली खेप, स्टिकरच्या हवेवर, हळू करा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, शिरताच, पाणी प्यायच्याही आधी, चारही टायर मोजा, कारण दोन-तीन मिनिटांत आकडे उतरायला लागतात. ६ ते ८ पीएसआय चढलेले सहज दिसतील. टायर कंपनीने ट्रॅकसाठी तापलेला आकडा दिलेला असेल तर तिथपर्यंत, दर सेशनला १-२ पीएसआय करत हवा उतरवा. टायरच्या खांद्यापाशी छोटा त्रिकोण कोरलेला असतो, तिथे खडू लावून ठेवा. त्रिकोणाच्या टोकापलीकडचा खडूही पुसला गेला तर टायर फार लोळतोय, हवा वाढवा.

घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात आणि जोर डाव्या टायरवर येतो. डावे जास्त तापतात, त्यांची हवाही जास्त उतरवावी लागते. संध्याकाळी ते गार झाले की डावीकडे २७ आणि उजवीकडे २९ असं काहीतरी राहिलेलं असतं. या हवेवर घरी निघायचं नाही. तासभर थांबा, टायर हाताला कोमट लागेपर्यंत. मग डिकीतून कंप्रेसर काढा आणि चारही चाकांत स्टिकरचा आकडा अधिक २ भरा, टायर अजून पुरता थंड नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या पार्किंगमध्ये ऊन यायच्या आत, परत एकदा मोजा.